व्हिडिओ अडखळतोय? आधी फाइल उघडून बघा

घरात कुणाच्या टॅबवर व्हिडिओ अडखळायला लागला की तो टॅब माझ्याकडे येतो, आणि त्याच्यासोबत निदानही येतं: "फाइल मोठी आहे, जरा लहान करून दे." इथेच माझं डोकं फिरतं. मावशीच्या टॅबवर ३ जीबीची फाइल लोण्यासारखी चालत होती आणि ३०० एमबीची गचके खात होती. आता बोला.

ती छोटी फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलच्या आत काय आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर) उघडली आणि उलगडा झाला. एच.२६४ (व्हिडिओ आवळून साठवायची एक पद्धत), पण १०-बिट, म्हणजे रंगांच्या छटा नेहमीच्या ८-बिटपेक्षा जास्त. फोन-टॅबमध्ये व्हिडिओ उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग असतो, हार्डवेअर डीकोडर. त्याला ठरावीक प्रकारच कळतात. एच.२६४चा ८-बिट प्रकार जवळपास सगळ्यांना कळतो, १०-बिट बहुतेकांना नाही. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, टॅब तापतो, बॅटरी घसरते आणि चित्र मागे राहून आवाज पुढे पळतो. गंमत म्हणजे त्यानंतरच्या एच.२६५मध्ये १०-बिट अनेक नव्या चिप्सना सहज झेपतं. म्हणजे '१०-बिट वाईट' असा सरसकट नियमही करता येत नाही.

म्हणून मी आधी यंत्राचं वय विचारतो. एच.२६४ हे मानक २००३चं, एच.२६५ हे २०१३चं, त्याच जातीचं एव्ही१ हे २०१८चं. मानक आल्यावर ते चिपमध्ये उतरायला आणखी काही वर्षं जातात. २०१४च्या टॅबवर एव्ही१ची फाइल टाकून त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आणि कितीदा तरी कन्व्हर्ट करायची गरजच नसते. एमकेव्ही फाइल 'चालत नाही' म्हणतात, पण एमकेव्ही हा नुसता डबा, चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा. आत साधा एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी (नेहमीचा प्रकार) आवाज असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने तेच प्रवाह जसेच्या तसे उचलून एमपी४मध्ये ठेवता येतात. बहुधा मिनिटाच्या आत काम होतं, दर्जा तिळभरही कमी होत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा आवाज डीटीएस या प्रकारात असतो आणि तो यंत्राला कळत नाही. तेवढाच स्टीरिओ एएसी करायचा, चित्राला हात लावायचा नाही.

खरंच कन्व्हर्ट करायचं असेल तेव्हा हँडब्रेक हे सॉफ्टवेअर पुरतं. आधी स्क्रीन बघायची. माझा जुना पीएसपी (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) अजून चालू आहे, त्याची स्क्रीन ४८०×२७२. फुल एचडी चित्रात याच्या जवळपास सोळापट पिक्सेल असतात, ते कुणासाठी पाठवायचे? (त्याच्या सुरुवातीच्या फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरवर, फाइलला ठरावीक नाव देऊन ठरावीक फोल्डरमध्ये ठेवली नाही तर ती दिसायचीच नाही. तो छळ विसरता येत नाही.) दर्जासाठी बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) ठोकून देण्यापेक्षा सीआरएफ बरा, म्हणजे दर्जाचा आकडा द्यायचा आणि डेटा किती लागतो ते सॉफ्टवेअरवर सोडायचं. एक्स२६४मध्ये (एच.२६४ व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) मूळ आकडा २३, आकडा वाढला की फाइल लहान आणि चित्र ढिसाळ. छोट्या स्क्रीनवर २३ चालून जातो. जुन्या यंत्रासाठी मात्र कमाल बिटरेटची मर्यादाही घालावी. सरासरी कितीही कमी असली तरी पाऊस किंवा गर्दीच्या दृश्यात बिटरेट उसळतो आणि नेमकं तिथेच चित्र थांबतं.

फ्रेम रेटशी, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याच्याशी, खेळू नका. ६०चा ३० केला तर काम निम्मं होतं, ठीक आहे. पण २४ फ्रेमचा सिनेमा '३० जास्त म्हणजे चांगलं' म्हणून ३०वर नेला की काही फ्रेम दोनदा दिसतात आणि कॅमेरा आडवा फिरताना हिसके बसतात. मग लोक पुन्हा कन्व्हर्टरलाच दोष देतात. मोबाइलवर काढलेल्या चित्रणाची गोष्ट उलटी: त्यात फ्रेम रेट बदलता असतो, जुन्या प्लेयरवर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तिथे हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेम रेट निवडायचा.

मराठी सबटायटल्स हा वेगळाच ताप. जुन्या यंत्रावर देवनागरीचे चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. अशा वेळी मी सबटायटल्स चित्रातच कोरून टाकतो. ती नंतर बंद करता येत नाहीत, पण निदान वाचता येतात.

आणि एक, पूर्ण सिनेमा कन्व्हर्ट करायला लावून झोपायला जाऊ नका. सगळ्यात धावपळीचं दृश्य शोधा, तेवढी दोन मिनिटंच कन्व्हर्ट करा आणि त्याच यंत्रावर लावून बघा, कॉम्प्युटरवर नाही. ती नीट चालली तर बाकीचा सिनेमाही चालतो. मेमरी कार्ड फॅट३२ (कार्डावर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवा, नाहीतर कॉपी करतानाच अडेल.