पोकर टेबलावरचा टायमर: सेटिंग कुठवर आली
आमच्या होम गेममधलं शॉट क्लॉक (प्रत्येक चालीला ठरावीक वेळ देणारा टायमर) आता बऱ्यापैकी बसलंय, म्हणून लिहून ठेवतो, कुणी करत असेल तर कामाला येईल.

मुळात हे लागतं ब्लाइंडमुळे, म्हणजे दर डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी रक्कम, जी दर लेव्हलला वाढते. नऊ जणांचं टेबल, २० मिनिटांची लेव्हल. डाव २ मिनिटांत उरकला तर लेव्हलमधे १० डाव होतात, बटणाची (डीलरची खूण, दर डावाला एक जागा पुढे सरकते) पूर्ण चक्कर होते. तोच डाव ३ मिनिटांवर गेला की ६-७ डावांतच लेव्हल संपते, काहींच्या वाट्याला बटण येतच नाही आणि ब्लाइंड मात्र वाढलेले असतात, शॉर्ट स्टॅकवाला (थोड्याच चिप्स उरलेला) उगाच मरतो. टँक करणारा, म्हणजे खूप वेळ विचार करत बसणारा, सगळ्यांचे डाव खातो आणि मला ते खरंच सहन होत नाही.

टीडीएच्या (टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन) नियमात रेंगाळणाऱ्यावर कुणी क्लॉक मागितलं की त्याला २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांची उलटी मोजणी मिळते. नियम चांगलाच आहे, पण मित्रामित्रांत क्लॉक मागायला तोंड कोण उघडणार, मागणाराच वाईट दिसतो! सगळ्यांना पहिल्यापासून सारखा टायमर असला की तो प्रश्नच उरत नाही.

सध्या फ्लॉपआधी (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) १५ सेकंद, फ्लॉपनंतर ३०, आणि प्रत्येकाकडे ४ टाइम बँक कार्डं, एका कार्डाचे ३० सेकंद जास्तीचे. वेळ संपली आणि समोर बेट असेल तर पत्ते गेले, नसेल तर चेक. फ्लॉपआधी ३० ठेवूच नका, टाइमिंग टेल (किती वेळ घेतला त्यावरून पत्त्यांचा लागणारा अंदाज) लपवायला लोक सात-दोनसारखे रद्दी पत्ते हातात असताना पण शेवटच्या सेकंदापर्यंत बसून राहतात.

खरी मजा कार्डांनी आणली. परवा रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला) तिसरं बदाम पडलं, म्हणजे समोर फ्लश असू शकत होता, समोरच्याने पॉटपेक्षा मोठी ऑल-इन टाकली, आणि टॉप पेअरवाल्याने (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी जमलेल्याने) ४ सेकंद उरले असताना कार्ड मधे सरकवलं, मग दुसरं पण. टेबलावर कुणी हूं की चूं केलं नाही, त्याच्या हक्काचा वेळ होता, आणि शेवटी त्याने फोल्ड केलं. असा विचार व्हायलाच हवा, फक्त प्रत्येक डावात नको.

टायमरचं बटण पत्ते वाटणाराच दाबतो, आणि रेझ किती ते मोजून सगळ्यांना कळल्यावरच, नाहीतर पहिले काही सेकंद चिप्स मोजण्यातच जातात. आवाज फक्त शेवटच्या ५ सेकंदांना, सतत टिकटिक असली की डोकं उठतं.

पुढच्या वेळी बबलवर (बक्षिसाच्या जागा सुरू होण्याच्या अगदी आधी) फ्लॉपआधीची वेळ १० वर आणून बघणारे, कारण तिथेच शॉर्ट स्टॅकवाले मुद्दाम वेळ काढतात. कुणी १० वापरून बघितलेत का? बिग ब्लाइंडला ३-बेटचा (रेझवर पुन्हा रेझ) विचार करायला तेवढे पुरतात का, ते सांगा.