घरात पाऊस

उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागून आजी ओरडल्या. भाषा चिनी, पण अर्थ लगेच कळला, आमच्या आजीने पण हेच म्हटलं असतं 😄 पटकन पाय उचलून आत गेले.

आन्हुई प्रांतातलं होंगचुन गाव. मिंग-छिंग राजवटींच्या काळातली घरं, २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. आत गेले आणि पाऊस सुरू झाला, घराच्या आत! म्हणजे मधे वर मोकळं, चारी बाजूंची छपरं आतल्या बाजूला उतरती, सगळं पाणी थेट घरातल्या दगडी चौकात. आपल्या वाड्याचा चौक आठवला, पण हा फारच अरुंद, विहिरीत उभं राहून वर बघावं तसा आभाळाचा एक चौकोनी तुकडा. पाणी म्हणजे पैसा, तो बाहेर का जाऊ द्यायचा, असं गाईड म्हणाला. व्यापाऱ्यांची घरं ना शेवटी!

मी विचारलं, बाहेरच्या भिंतीला खिडक्या एवढ्या छोट्या आणि इतक्या उंच का? तो म्हणाला, चोरांमुळे. मग जरा थांबून, "पुरुष घरी नसायचे ना."

मुलं तेरा-चौदाव्या वर्षीच व्यापार शिकायला बाहेर पडायची. मीठ, चहा, गहाणवट. पुढे वर्षानुवर्षं बाहेरच, आणि बायका या उंच पांढऱ्या भिंतींच्या आत.

पैसा आत यावा म्हणून छप्पर उघडं ठेवलं, ठीक आहे. पण तिला बाहेर बघायला काय होतं, तर तोच चौकोन?

हॉटेलवर आले तरी तेच डोक्यात.