गाळलेल्या जागा

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारभर जेम्स ब्लेक, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा इंग्लिश संगीतकार. २०११ चा पहिला अल्बम नाही, त्याच्या आदल्या वर्षीच्या तीन ईपी (अल्बमहून छोट्या, चार-पाच गाण्यांच्या रेकॉर्ड): 'द बेल्स स्केच', 'सीएमवायके', 'क्लाव्हियरवेर्के'. गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकलेला लंडनचा पोरगा, वय एकवीस-बावीस, आणि एका वर्षात हे तीन प्रकार! 'सीएमवायके'त केलिस आणि आलिया या अमेरिकन गायिकांच्या गाण्यांचे तुकडे आहेत, पण इतके कापलेले, पट्टी इतकी वरखाली केलेली, की शब्द हरवतात आणि नुसता गळा उरतो. 'क्लाव्हियरवेर्के'त तर त्याने स्वतःच्याच आवाजावर कात्री चालवली आहे.

मग 'लिमिट टू युअर लव्ह' लावलं, फोनच्या स्पीकरवर. मूळ गाणं कॅनडाच्या फाइस्ट या गायिकेचं. इथे आधी पियानो आणि आवाज, मग सगळं थांबतं. आईने दारातून विचारलं, "अडकलं का गं ते?" अडकलं नव्हतं. त्या जागी बास आहे, इतका खालचा की फोनला तो काढताच येत नाही. हेडफोन लावले तेव्हा कुठे तो थरथरत वर आला.

हे संगीत कुठल्या खोल्यांसाठी जन्मलं ते आठवलं की यात नवल वाटत नाही. ब्लेक आला तो डबस्टेपमधून, खोल बासवर उभ्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतातून. ते वाढलं दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधल्या बिग अ‍ॅपल या रेकॉर्डच्या दुकानाभोवती, शोरडिचच्या प्लास्टिक पीपल क्लबात, आणि २००५ पासून ब्रिक्स्टनमधल्या डीएमझेड नावाच्या क्लब-रात्रींत. अंधार आणि भलीथोरली साउंड सिस्टिम. बास छातीत वाजायचा. वेग मिनिटाला साधारण १४० मात्रांचा, पण स्नेअर ड्रमचा ठोका चारांतल्या तिसऱ्या मात्रेवर एकदाच, म्हणून चाल ७० ची वाटते. वर हायहॅट (झांजांची जोडी) मात्र दुप्पट धावत असतात. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालावी तसं. कुठल्या लयीवर मान डोलवायची ते आपण ठरवायचं.

२०१० च्या आसपास अमेरिकेत याच संगीताचा आवाज चढत गेला, बास गुरगुरू लागला, मोठमोठे फेस्टिव्हल भरले. मला ते दहा मिनिटांवर सोसवत नाही. लंडनची ही मंडळी नेमकी उलट्या दिशेला गेली. काय काय काढता येईल ते बघत गेली.

वाट बरियल या लंडनच्याच संगीतकाराने आधीच दाखवली होती. २००७ चा 'अनट्रू': पावसाची रिपरिप, रेकॉर्डची खरखर, कुणा बाईचा की पुरुषाचा ते न कळणारा आवाज. ठेका त्याने सीक्वेन्सरवर, म्हणजे मात्रा अचूक बसवणाऱ्या यंत्रावर, बसवलाच नाही, ऑडिओ एडिटरमध्ये नुसत्या नजरेने तुकडे मांडले. म्हणून तो जरासा लंगडतो आणि जिवंत वाटतो. वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत नाव आल्यावर हा आहे तरी कोण याचा वर्तमानपत्रांनी इतका पिच्छा पुरवला, की २००८ मध्ये त्याने स्वतःच सांगून टाकलं: विल्यम बेव्हन. बस, मग पुन्हा गप्प.

माउंट किंबी म्हणजे तेव्हा दोघेच, डॉमिनिक मेकर आणि काय कॅम्पोस. ते मला बरियलइतके गूढ वाटत नाहीत, पण जास्त वेळा मीच त्यांच्याकडे परत जाते. २०१० च्या 'क्रूक्स अँड लव्हर्स'मध्ये गिटारचे चुटके आणि रस्त्यावरचे आवाज शेजारी शेजारी बसलेत. ऐन रंगात येताना गाणं संपतं, आणि त्याचा राग येत नाही.

ब्लेकला २०१३ मध्ये 'ओव्हरग्रोन'साठी मर्क्युरी मिळाला. अल्बम सुंदर आहे, मान्य. पण त्यातला गायक जिंकला आणि कात्रीवाला मागे पडला, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटलं. गाण्यात जागा सोडायला जी छाती लागते ती त्या तीन ईपींत जास्त दिसते.

याच मंडळींतल्या जॉय ऑर्बिसनचं उलटं. २००९ मध्ये 'हाइफ म्न्गो' आलं, त्यातही आवाजाचे तुकडेच. पण लांबलचक संग्रह काढायला त्याने २०२१ उजाडवलं, आणि त्यात घरच्यांचे व्हॉइस मेसेज घातले. ती माणसं चक्क पूर्ण वाक्यं बोलतात. तो उद्या ऐकेन, आणि या वेळी हेडफोनशिवाय नाही.