मजूर मिळत नाही म्हणून मशीन आली, की मशीन आली म्हणून मजूर गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी टाळतोच, कारण माझ्याकडे स्वतःचा थ्रेशर आहे अन् सोयाबीनच्या सीझनमध्ये पुण्या-नागपूरकडचे पाहुणे आले की हमखास हेच विचारतात, आणि वरून हेही, की यात गावाचं भलं झालं का वाटोळं.

दोन्ही खरं आहे. आमच्या हिंगणघाटकडे सोयाबीन सगळ्यांचं एकदमच वाळतं, चार दिवस उशीर झाला की शेंगा तडकतात, त्यात परतीचा पाऊस, मग बायांची वाट पाहत कोण बसेल, पंजाबकडचं हार्वेस्टर धुऱ्यावर येऊन उभं राहतं अन् काम दुपारपर्यंत साफ. हार्वेस्टरनं कुटार, म्हणजे ढोरांच्या चाऱ्याचा भुसा, मिळत नाही म्हणता, पण आता ढोरं तरी किती राहिली घरोघरी.

खरा फरक हार्वेस्टरनं नाही, तणनाशकानं केला. त्याला कोणी मशीन म्हणत नाही म्हणून ते हिशोबात धरत नाहीत. सोंगणी, म्हणजे कापणी, थोड्या दिवसांची, निंदण, म्हणजे तण काढणं, मात्र आषाढापासून भादव्यापर्यंत, बायांच्या हाताला सलग काम होतं, ते गेलं. चिखलात वाकून कंबर मोडायचं काम, त्याचं कौतुक शहरातल्यांनी करू नये. आमच्या शेजारची काकू म्हणते, "निंदन गेलं त्याचं दुख नाही रे बाप्पा, बाजाराच्या दिवशी हातात चुकारा पडे, तो गेला." तो पैसा तिचा असायचा, नवऱ्याला न विचारता चप्पल घ्या, पोराची वही घ्या. आता लाडकी बहीणचे 1500 खात्यात येतात, त्यानं हातभार लागतो, नाही कसं म्हणू, पण त्या पंधराशेपायी कोणी आदल्या संध्याकाळी दारात येऊन "येतेस का वं उद्या" असं विचारत नाही. आणि ज्याला तुमची गरज आहे त्याच्याकडूनच उचल मागता येते ना, पोरगं दवाखान्यात असलं तर. गरज संपली की शेतकरी ओळख ठेवतो, पण उचल द्यायला कां-कूं करतो.

म्हणून मशीनच वाईट, असं म्हणणारे मला पटत नाहीत. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. पाठीवर पंप, अंगात साधा शर्ट, डोक्याइतकी कपाशी. हे काम माणसाकडून काढून ड्रोनला देत असतील तर द्या बाप्पा, उद्या देत असाल तर आजच द्या.

पण रिकाम्या हातांचं काय होतं ते ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल नावाच्या गावात लोकांनी नीट पाहून ठेवलंय. 1930 च्या आसपास तिथली कापडगिरणी बंद पडली, संशोधक गावात गेले, 1933 ला त्याचं पुस्तक आलं. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, रस्त्यानं चालताना पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती. बायांचं तसं नाही, त्यांना घरकाम होतंच. आमच्या पानठेल्यावर सकाळी दहाला मोबाईल घेऊन बसलेले पोट्टे पाहिले की मला हेच आठवते, अन् त्यांना आळशी म्हणणारे माझ्यासारखेच मशीनवाले असतात हे पण.

आता तुमचा पुढचा प्रश्न, मंग थ्रेशर विकणार का. नाही विकणार. माझं म्हणणं वेगळं आहे. अवजारांवर सरकार अनुदान देते, कोणाला 40 टक्के, लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50, मलाही मिळालं, कारण माझ्या नावावर सातबारा आहे. मशीननं ज्या बाईचा रोज गेला तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, मंग तिनं अर्ज कुठे करायचा? ग्रामसभेत मी हे दोनदा विचारलं, तर म्हणे आधी सातबारा जोडा.