तुम्ही विचारलंत म्हणून : चांदीच्या केबलने आवाज उजळतो का?

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचे काम मी सदाशिव पेठेतल्या घरातूनच करतो. दुरुस्त झालेला डबा उचलून निघालेली माणसे उंबऱ्यापाशी थांबून हमखास विचारतात, ‘तांब्याची वायर काढून चांदीची घातली, तर आवाज खरेच उजळ होतो का हो?’ उभ्या उभ्या मी ‘नाही’ म्हणतो आणि समोरचा हिरमुसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चांदी ही सर्वांत चांगली वीजवाहक धातू आहे, हे खरे. पण तांबे तिच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्क्यांनीच मागे आहे. अडीच चौरस मिलिमीटरची, स्पीकरपर्यंत तीन मीटर जाणारी दुहेरी वायर घेतली, तर जाऊन-येऊन तांब्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.०४० ओहम भरतो आणि चांदीचा ०.०३८. आठ ओहमच्या स्पीकरपुढे या दोन सहस्रांश ओहमने आवाजाच्या पातळीत सुमारे ०.००२ डेसिबलचा फरक पडतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांना एक डेसिबलही जेमतेम जाणवतो. सोने तर वाहकतेत तांब्याच्याही मागे आहे; ते गंजत नाही, म्हणून त्याचा मुलामा पिनांवर शोभतो, एवढेच. कारखान्यात तार ओढताना तांबे कडक होते आणि वाहकता दोन-तीन टक्क्यांनी घटते, म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करतात. आपल्या तांबट आळीत भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात, तेही मऊपणासाठीच.

तरीही चांदीची केबल जोडल्यावर आवाज बदलल्याचे सांगणारा माणूस खोटे बोलत असतो असे नाही, कारण हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी त्यांची चांदीची केबल ऐकायला दिली. मी ती जोडली, ख्यालाची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली, आणि तानपुऱ्याची जवारी अशी मोकळी ऐकू आली की मी खुर्चीतून उठून स्पीकरजवळ गेलो. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलेली जुनी वायर हातात घेतली, तेव्हा तिची टोके काळपट हिरवी पडलेली आणि दोन-चार तंतू तुटलेले दिसले. पुण्याच्या कितीतरी पावसाळ्यांत त्या टर्मिनलचा स्क्रू मी एकदाही सैल करून पाहिला नव्हता. टोके इंचभर कापली, नवे तांबे सोलले, स्क्रू घट्ट आवळला, आणि जवारी तितकीच मोकळी झाली.

असा कुजका जोड अर्धा ओहम अडवत असेल, तर ते ऐकू येण्याजोगे असते. स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. तो कुठे चार ओहम, तर कुठे वीस असू शकतो. चार ओहमपाशी आवाज एका डेसिबलने दबतो आणि वीसपाशी पाव डेसिबलनेही नाही, त्यामुळे आवाजाचा तोल बिघडतो. नवी केबल लावताना हा जोड आपोआप नवा होतो आणि श्रेय धातूला जाते. शिवाय ‘आता चांदी लावली’ हे ठाऊक असताना कान अधिक लक्ष देऊन ऐकतात, हेही आहेच. माझेही तसेच ऐकत होते. म्हणून तुलना करायचीच असेल, तर दोन्ही केबलची टोके ताजी सोला आणि अदलाबदल दुसऱ्या कुणाला, तुमच्या पाठीमागे, करायला सांगा.

रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट पिकअपची, म्हणजे सुईबरोबर इवलेसे चुंबक हलवून संकेत तयार करणाऱ्या भागाची, गोष्ट वेगळी आहे. तिथे केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) वाढली की वरच्या पट्टीतल्या स्वरांचा जोर खरोखर बदलतो. पण धारिता ठरते ती इन्सुलेशन, तारांमधले अंतर आणि केबलची लांबी यांवरून, आतल्या धातूवरून नव्हे.

तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलात, तर एक मात्र करा : एक तंतू ब्लेडने खरवडून पाहा. वरून पांढरा आणि आतून लाल निघाला, तर ते कल्हई केलेले तांबे आहे, खुशाल घ्या. वरून लाल आणि आतून पांढरा निघाला, तर दुकानदार काहीही म्हणो, ती चांदी नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे, आणि त्याचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो.