मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि तारखेचा हिशेब

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर हा प्रवास १४ तासांच्या आत आटोपायला हवा. प्रत्यक्षात हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन थेट विमानाने जाताना आम्हांला १६ तासांच्या आसपास लागले. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया आणि फिनलंडवरून थेट आइसलँडपर्यंत चढतो व मग खाली उतरतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तर अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे आमचे विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला गेले आणि तुर्कस्तान व युरोप ओलांडून अटलांटिकवर आले. त्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी भरतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो तारखेचा. तिकिटावर १५ तारखेची पहाटे २ची वेळ असेल, तर घरातून १४ तारखेच्या रात्रीच निघावे लागते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे १६ तास उडूनही विमान १५ तारखेलाच सकाळी साडेसातच्या सुमारास उतरते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो. न्यायला येणाऱ्या नातेवाइकांना उतरण्याची तारीख आणि स्थानिक वेळ दोन्ही लिहून पाठवावी. नुसते ‘१४ला रात्री निघतोय’ एवढे सांगणे पुरेसे नाही.

सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे आम्हांला गोळ्यांच्या वेळांची सर्वांत जास्त काळजी होती. डॉक्टरांना प्रवासाचे वेळापत्रक दाखवून प्रत्येक गोळीची वेळ ठरवून घेतली, मग एका कागदावर मुंबईची वेळ आणि तिथली वेळ असे दोन रकाने आखून तो औषधांच्या बटव्यात ठेवला. उतरेपर्यंत त्यांनी मनगटावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवले होते, आणि ते फार सोयीचे ठरले. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच असावी. दर दोन तासांनी उठून चार पावले चालणे वयस्कर माणसांसाठी तर अत्यावश्यकच आहे.

सहारच्या टर्मिनल २वर तीन तास आधी पोहोचावे. ठाणे-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी, विशेषतः पावसाळ्यात, रस्त्यासाठी आणखी दोन तास हाताशी ठेवावेत. भुयारी मेट्रोचे स्थानक आता टर्मिनलजवळच आहे, पण पहाटेच्या विमानासाठी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी पाहून घ्यावे.

गुडघेदुखी असलेल्यांनी दुबईमार्गे जाण्याचा विचार जरूर करावा. मुंबई-दुबई सुमारे तीन तास आणि पुढे साधारण १४ तास. मधला मुक्काम धरून एकूण वेळ वाढतो, तरी पाय मोकळे करायला मिळतात. न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहरी जायचे असेल, तर मात्र पुढच्या विमानापर्यंत निदान तीन-चार तास मोकळे ठेवावेत, कारण अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच पारपत्र तपासणी होते आणि साधारणपणे सामानही तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते.