बोलोन्या: भिंतींआधीचं विद्यापीठ

‘जगातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ कुठंय’ असं विचारत लोक इटलीतल्या बोलोन्यात विया झांबोनी या रस्त्यावर जातात. पण तिथल्या पालाझ्झो पोज्जी या वाड्यात विद्यापीठ आलं ते १८०३ मध्ये. मी म्हणेन, आधी सान पेत्रोनिओ चर्चला लागून असलेल्या आर्किजिन्नाझिओत, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत शिरा. अंगणात जायला पैसे पडत नाहीत.

ही इमारतही १५६३ चीच. त्याआधीची सुमारे पावणेपाचशे वर्षं विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती. मास्तर घरात नाहीतर भाड्याच्या खोलीत शिकवायचे. १०८८ हे स्थापनावर्षसुद्धा सोयीनं धरलेलं आहे. १८८८ साली आठशे वर्षांचा सोहळा करायचा होता, म्हणून कवी कार्दुच्चींच्या समितीनं ते मुक्रर केलं.

‘युनिव्हर्सितास’ म्हणजे संघ, आणि इथे तो विद्यार्थ्यांचा. बाहेरगावच्या पोराला बोलोन्यात कायद्याचं संरक्षण नव्हतं. त्याच्या गाववाल्यानं उधारी बुडवली, तर वसुली याच्याकडून व्हायची. म्हणून कायदा शिकणाऱ्यांचे दोन संघ झाले, आल्प्सपलीकडच्यांचा एक आणि अलीकडच्यांचा दुसरा. त्यांच्या आत प्रांतवार गट, आणि वर विद्यार्थ्यांमधूनच निवडलेला रेक्टर, म्हणजे प्रमुख. बोलोन्याच्या पोरांना यात जागा नव्हती, कारण नागरिक म्हणून त्यांना संरक्षण आधीच होतं.

संघानं मास्तरांना घातलेले नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. दंडापोटीची अनामत सावकाराकडे आधीच ठेवायची. घंटेनंतर उशिरा सुरुवात केली तर दंड, वेळेपुढे ताणलं तरी दंड. ग्रंथाचे ‘पुंक्ता’, म्हणजे ठरावीक भाग, पाडलेले असत आणि अमुक पुंक्ता अमुक तारखेला गाठलाच पाहिजे, कारण अवघड भाग शेवटी गुंडाळायची मास्तरांची खोड जुनी! मुख्य व्याख्यानाला पाचपेक्षा कमी श्रोते आले, तर मास्तर गैरहजर धरला जाई. परीक्षा आणि पदवी तेवढी मास्तरांच्या मंडळाकडे होती, आणि १२१९ पासून पदवीला आर्चडीकन या चर्चच्या अधिकाऱ्याची संमती लागे.

हे सगळं चालायचं ते विद्यार्थ्यांच्या शहर सोडून जाण्याच्या धमकीवर. इमारत नाही, त्यामुळे मागे अडकून राहणारं काही नाही. १२२२ मध्ये एक जथा खरंच पादुआला गेला आणि तिथलं विद्यापीठ उभं राहिलं. पुढे शहर मास्तरांना पगार देऊ लागलं आणि दोरी हळूहळू शहराच्या हातात गेली. पोपच्या राजवटीत सगळे वर्ग आर्किजिन्नाझिओच्या एका छपराखाली आले, तोवर संघाचा दरारा ओसरला होता.

त्याच छपराखाली सुमारे सहा हजार कुलचिन्हं रंगवली आहेत. बरीचशी विद्यार्थी-प्रतिनिधींची. नुसती मान वर करून फिरू नका, एक ढाल निवडून खालचं नाव आणि गाव वाचा. जिने दोन आहेत, एक कायद्याच्या पोरांचा आणि दुसरा वैद्यक-तत्त्वज्ञानवाल्यांचा.

वरच्या शवविच्छेदनगृहाला तिकीट आहे. १६३७ मधलं हे लाकडी दालन २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं. ढिगाऱ्यातले तुकडे वेचून ते पुन्हा जुळवलं. मास्तरांच्या आसनावरचं छत्र पेलणारे दोन कातडी सोललेले लाकडी पुरुष शिल्पकार एर्कोले लेल्लीच्या आराखड्यावरून घडवलेले. त्यांचे स्नायू जवळून बघा.

वेळ उरला तर विया मान्झोनीवरच्या मध्ययुगीन संग्रहालयात जा. तिथे प्राध्यापकांच्या थडग्यांवर वर्ग कोरलेत. बाकांवर ओळीनं बसलेली पोरं, समोर उघडे ग्रंथ.